शनिवारी मोडलेलं हाड

शिवतेजचं हाड मोडलं ते पळताना, आणि दवाखान्यात सांगितलं ते मोटरसायकलवरून पडून मोडलं म्हणून. सगळी गोष्ट खरं तर एवढीच. पण अशी तुकड्यात सांगितली तर ऐकणारा म्हणेल, हात्तिच्या, मग त्यात काय झालं? काय झालं ते बैजवारच सांगायला हवं.

पिंपळशेत हे सातारा आणि कऱ्हाडच्या मधलं गाव. शिवारात बघावं तिकडं ऊस. पण गावकऱ्याला विचारा, तो उसाचं नाव काढायचा नाही. छाती फुगवून म्हणेल, "आमचं गाव मिल्ट्रीचं." घरटी एक माणूस फौजेत, आणि घरटी एक काळी लोखंडी ट्रंक. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे आधी ट्रंकेकडं बघतात आणि मग पोरीकडं.

लालासाहेब हवालदार होऊन रिटायर झाले, पण त्यांची ट्रंक काही रिटायर झाली नाही. सोप्यात दाराशेजारी ती मांडलेली असायची आणि दर रविवारी ते ती फडक्यानं पुसायचे. शिवतेज बारावी झाला तसे ते साताऱ्याला गेले आणि दुसरी नवी ट्रंक घेऊन आले. पेंटर बोलावून तिच्यावर पोराचं नाव घालून घेतलं. नंबराची जागा तेवढी कोरी ठेवली.

बनुबाई म्हणाली, "आवं, बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी, असं झालं की ह्ये."

"तू गप. तुला काय कळतंय त्यातलं?" लालासाहेब म्हणाले, पण हसत म्हणाले. तेव्हा घरात हसणं होतं.

बनुबाई म्हणजे तशी बोलघेवडी बाई. बांधावर उभी राहिली की चार रानांपलीकडच्या बाईला तिचा आवाज जायचा. नवऱ्यापुढं मात्र तिचं बोलणं एका हद्दीपर्यंत चालायचं. ती हद्द कुठं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं आणि इतक्या वर्षांत तिनं ती कधी ओलांडली नव्हती.

पोरगा गुणाचा. उजाडायच्या आत उठून कालव्याच्या रस्त्यानं पळायचा. मागून लालासाहेब मोटरसायकलवर, हातात घड्याळ. पहिल्या भरतीत तो थोडक्यात हुकला. दुसऱ्या वेळी पळण्यात पास झाला आणि लेखीत नापास. वय निघून चाललं होतं. दिवाळीनंतरची भरती ही शेवटची, हे घरातल्या म्हशीलासुद्धा कळलं असेल, इतक्या वेळा लालासाहेबांनी ते बोलून दाखवलं.

ऐन पावसाळ्यात शिवतेजच्या जांघेत दुखायला लागलं. आधी पळून आल्यावर दुखायचं, मग पळताना, मग नुसतं जिना चढतानाही. त्यानं ते एकट्या आईला सांगितलं. बनुबाईनं आंबेहळद उगाळून लावली, वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकलं. गणपती बसले, उठले, नवरात्र आलं. पोरगा पायरी उतरताना भिंतीला हात लावायला लागला.  शेवटी तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं.

लालासाहेबांनी पोराला बोलावून एकदा चालायला लावलं. "पळणाऱ्याला दुखतंच," ते म्हणाले. "आमाला बी दुखत हुतं. दुखणं असं बाजारात मांडू नगंस. डॉक्टरकडं गेलास की कागद झाला, कागद झाला की मेडिकलला अडीवला. झाकली मूठ सव्वा लाखाची."

पोरगं पळत राहिलं. दुखण्याच्या गोळ्या खायचं आणि पळायचं. बनुबाई रोज सकाळी चुलीपुढं बसून कान बाहेर लावायची, मोटरसायकलचा आवाज माघारी येईपर्यंत तिचा हात पिठात तसाच राहायचा.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी मोटरसायकल वेळेआधीच आली. पोरगा मागं बसलेला नव्हता, चुलत्याच्या टेम्पोत आडवा घातलेला होता. कालव्याच्या रस्त्यावर पळता पळता मांडीच्या वरच्या टोकाला कट् असा आवाज झाला आणि तो खाली कोसळला. ना खड्डा, ना दगड. चांगला पळता गडी आपल्याच पायावर मोडून पडला.

कऱ्हाडच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, "खुब्याच्या मानेला मोडलंय. वय लहान आहे. सांगलीला न्या, तिथं एक बाई आहेत, त्या याच हाडाच्या मागं लागल्यात."

पेठ नाक्यावर गाडी थांबली. ड्रायव्हर चहाला गेला. पोरगा मागं गादीवर सुईच्या गुंगीत होता. लालासाहेबांनी बनुबाईला गाडीच्या आडोशाला नेलं.

"हे बघ. शनिवारी मोटरसायकलवरनं पडला. बास. आधी दुखत हुतं, ह्यो शब्द तोंडातनं काढायचा न्हाई. अपघात बरा हुतो. अपघाताला माफी मिळंल, अर्ज करता येईल, माझ्या वळखीचं सायब हायेत. जुनं दुखणं म्हणून एकदा कागदावर चढलं, की पोराची फौज संपली."

"आवं, डॉक्टरपाशी खोटं बोलू नये म्हंत्यात."

"खोटं काय हाय त्यात? शनिवारी पडला का न्हाई?" आणि मग त्यांनी आपल्या नरड्याला हात लावला. "माझ्या गळ्याची आण हाय तुला."

आता गळ्याची आण म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला समजावून सांगणं अवघड. पोरं खेळताना घालतात तसली ती शपथ नव्हे. नवऱ्यानं गळ्याला हात लावून घातलेली आण मोडली तर त्याच्या जिवाचं बरंवाईट होतं, असं बनुबाईच्या आईनं तिला सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईनं. आण घातलेल्यानंच ती सोडायची असते, "सोडली" असं तोंडानं म्हणून. तोवर शब्द गिळायचा. बनुबाईनं पेठ नाक्यावर उभ्या उभ्या शब्द गिळला.

सांगलीच्या त्या डॉक्टरीणबाईंचं नाव विनोदिनी. बारीक अंगकाठीच्या, कानशिलावर पांढरे झालेले केस, बोलणं भराभरा. त्यांनी फोटो उजेडावर धरला आणि बराच वेळ खाली घेतलाच नाही.

"कधी पडला?"

"शनवारी," लालासाहेब म्हणाले. "मोटरसायकलवरनं."

"त्याच्या आधी काही दुखत होतं? जांघेत, गुडघ्यात?"

"काय बी न्हाई. भरतीचा पोरगा हाय आमचा. घोड्यावानी पळतोय."

डॉक्टरीणबाईंनी पोराला विचारलं. पोरानं बापाकडं बघितलं आणि मान हलवली. आधी काही नव्हतं.

लालासाहेब कागदं करायला खाली गेले तसं बाईंनी बनुबाईला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"मावशी, बसा. मला तुमच्याशी एकटीशी बोलायचंय. हाड म्हणजे काही दगड नव्हे. दगड असता तर सिमेंट लावून जोडला असता आणि घरी पाठवलं असतं. हाडात रक्त फिरतं, केसाहून बारीक वाटांनी. मी तेच बघते. माणूस जिवंत, हाड जिवंत, आणि आत रक्त कसं चाललंय ते त्याच वेळी बघायचं. हाडात बारीक भोक पाडायचं, त्यातून दोऱ्याएवढी तार आत घालायची, तारेच्या टोकाला तांबडा उजेड. रक्त किती चाललंय ते मशीन सांगतं, आवाज काढून सांगतं. तर हा जो खुब्याचा गोळा आहे ना, याला रक्त येतं ते सगळं या मानेवरून येतं. मान मोडली की..."

"म्हंजी टेलचं रान," बनुबाई म्हणाली. "आमचं बी हाय तसलं, कालव्याच्या शेवटाला. कालवा वर फुटला की आमचा ऊस पयला वाळतुया."

बाई चटकन म्हणाल्या, "अगदी बरोबर. टेलचं रान. आता माझं ऐका. मोड ताजी असेल तर पाणी नुसतं तुंबलेलं असतं. हाड जागेवर बसवलं, स्क्रू घातले, की पुन्हा वाहायला लागतं. पण मोड जुनी असेल, आधीपासून चीर पडलेली असेल आणि तो तिच्यावरच पळत राहिला असेल, तर वाटा आत कधीच्या बुजलेल्या असतात. मग नुसतं बसवून भागत नाही. मग कमरेच्या हाडाचा एक तुकडा, त्याच्यावरच्या जिवंत मांसासकट, तिथं आणून लावावा लागतो. तो आपलं पाणी आपल्याबरोबर घेऊन येतो. ऑपरेशन मोठं, अंथरूण लांब, पण हाड वाचायची आशा असते. फोटोत मला कडा जरा गुळगुळीत वाटतात. फोटो छातीठोक सांगत नाही. म्हणून विचारते. त्याला आधी दुखत होतं का?"

बनुबाईच्या डोळ्यांपुढं तापवलेली वीट आली. भिंतीला धरून पायरी उतरणारा पोरगा आला. तोंडाशी शब्द आला होता, अगदी दातांच्या मागं. आणि त्याच वेळी लालासाहेबांचा नरड्यावर ठेवलेला हात आला. शिवाय, खरं सांगायचं तर, त्या मोठ्या ऑपरेशनचं नाव ऐकूनच बनुबाई घाबरली होती. कमरेचं हाड कापायचं म्हणे! ताजी मोड म्हटलं की सोपं काम. मनातून तिला ती मोड ताजीच हवी होती.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "शनवारीच पडला त्यो."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. आईच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. कोण ठेवणार नाही?

ऑपरेशन झालं. बाई हिरव्या कपड्यातच बाहेर आल्या, तोंडावरची पट्टी खाली ओढली. हसत होत्या. मशीनचा आवाज मोबाइलमध्ये भरून आणला होता, तो बनुबाईच्या कानाला लावून म्हणाल्या, "ऐका मावशी, तुमच्या पोराच्या हाडातलं रक्त."

आधी नुसती खरखर. मग अगदी खोल कुठंतरी बारीक सुर्र, सुर्र, सुर्र. लांबच्या चारीला पाणी सोडल्यावर रात्री कानाला लागतं तसं. पोटात होता तेव्हा नर्सबाईनं असाच त्याच्या काळजाचा आवाज ऐकवला होता. बनुबाईला रडू कोसळलं.

"बारीक आहे," बाई म्हणाल्या, "पण आहे. ताज्या मोडीत एवढं असलं की वाढतं. माझ्याकडं आत्तापर्यंत सगळ्यांचं वाढलंय."

त्याचं वाढलं नाही. उन्हाळा लागता लागता पोरगा कुबड्यांवरून काठीवर आला, काठीवरून पुन्हा कुबड्यांवर गेला. झोपेत कण्हायला लागला. पाय आखूड दिसायला लागला. सांगलीला फोटो काढला तर खुब्याचा गोळा एका बाजूनं बसलेला, पाण्यानं ढासळलेल्या बांधासारखा. पुन्हा तार घालून बघितली. या खेपेला बाईंनी मोबाइल कुणाच्या कानाला लावला नाही.

मेलेलं हाड काढून टाकलं आणि धातूचा सांधा बसवला. वीस-बावीस वर्षांच्या पोराला म्हाताऱ्याचा खुबा. खाली मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, पळायचं तर नावच नको. दिवाळीनंतरची भरती लांबत लांबत त्याच महिन्यात साताऱ्याला झाली. गावातली पोरं गुलाल लावून ट्रॅक्टरवरून आली तेव्हा शिवतेज आतल्या खोलीत खुर्चीवर बसून होता. लालासाहेबांनी नवी ट्रंक उचलून आत नेली, नावाची बाजू भिंतीकडं केली आणि बायकोला म्हणाले, "डाळ भर त्यात." बनुबाईनं हरभऱ्याची डाळ भरली. पोरानं बघितलं, पण काही बोलला नाही. तसा तो बापावर रागावलेला नव्हता. "नशीब," एवढंच म्हणायचा. आपण दुखणं लपवलं ते कागदाच्या भीतीनं लपवलं, हाड काय, मरायचं होतं ते मेलंच असतं, असंच त्याला वाटायचं. आणि तसं त्याला वाटतंय तोवर वाटू द्यावं, असं बनुबाईला वाटायचं. दार लोटून झालेलं ते बोलणं तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

मग श्रावणात तपासणीला सांगलीला जायचं आलं. लालासाहेब आणि बनुबाई बाहेर बाकावर बसले, शिवतेजला फोटोला नेलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई पाय वर घेऊन बसली होती. तिचं नाव बयाबाई. माणदेशातली, दहिवडीच्या बाजूची, मेंढरंवाली. अंगात चोळी, तळपायाला भेगा, मांडीवर भाकरीचं गठुडं. माणदेशी बाईला बोलायला ओळख लागत नाही.

"तुमचं कोण हाय आत, आक्का?"

"पोरगा. अन् तुमचं?"

"माझा बी पोरगाच. शेरडास्नी डहाळा तोडाया बाभळीवर चढला अन् काल पडला की वं. आजच्या आज कापत्याल म्हंत्यात. लोखंडाचा खुबा घालणार. आक्का, लोखंडावर डोंगर चढता येतुया का वं? आमचा सगळा जलम मेंढरामागं."

बनुबाई तोंड उघडणार तोच आतून तिचं नाव पुकारलं म्हणून ती उठली.

डॉक्टरीणबाई थकलेल्या दिसल्या. शिवतेजचा फोटो कॉम्प्युटरवर उमटला होता, तो बघून त्यांनी चार शब्दांत सांगितलं, सांधा नीट बसलाय. मग म्हणाल्या, "मावशी, मला तुमची माफी मागायची होती. माझा अंदाज चुकला."

"आसं का म्हंता, बाई?"

"ताज्या मोडीत एवढं रक्त असलं की हाड जगतं, असं मी धरून चालले होते. सगळ्यांचं जगलं, तुमच्या शिवतेजचं मेलं. माझ्या अभ्यासात माणसं थोडी, त्यात एक मेलं म्हणजे लहान गोष्ट नाही. किती रक्त असलं म्हणजे हाड वाचवायला घ्यायचं, ती माझी रेघच चुकीची होती. आता मी ती वर सरकवलीय. शिवतेजएवढं रक्त दिसलं की हाड वाचवायच्या भरीला पडायचं नाही, सरळ सांधा बदलायचा. पोरांचे असे हाल पुन्हा नको करायला. बाहेर ती मेंढरंवाली बाई बघितलीत? तिच्या पोराचं सकाळी तार घालून बघितलं, अगदी शिवतेजएवढंच आहे. मागच्या वर्षी असता तर मी स्क्रू घालून वाट बघितली असती. आता धीर होत नाही."

ती रेघ आपल्या खोट्यापायी सरकलीय, हे बनुबाईला कळलं. ती बाहेर आली. बाकावर बयाबाई भाकरीचा तुकडा मोडत होती, लालासाहेबांच्या पुढं धरत होती, "खावा की वं, दादा, उपाशी काय बसलाय."

बनुबाईनं नवऱ्याला जिन्यापाशी नेलं.

"आण सोडा."

"काय?"

"पेठ नाक्यावर घातलेली आण सोडा म्हंती. म्या आत जाऊन सांगणार हाय, पोराला आधीपास्नं दुखत हुतं म्हणून."

"डोस्कं फिरलं का तुझं? आता कशापायी? त्याचं हाड माघारी येणार हाय व्हय?"

"त्याचं न्हाई यायचं. त्या बाईच्या पोराचं चाललंय." आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं, लोटलेल्या दारामागं काय झालं ते, कमरेच्या तुकड्याचं, टेलच्या रानाचं.  "मला इचारलं हुतं त्यांनी. म्या खरं बोलली असती तर त्येंनी ते दुसरं आपरेशन केलं असतं. वाचलं बी असतं, आवं. वाचलं बी असतं!"

लालासाहेबांनी कठड्याला धरलं.  "मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमीच तोंड शिवलं हुतं की माझं."

 खालच्या अंगणात कुणाची तरी गाडी मागं घेत होते, तिची शिट्टी वाजत होती.

"मग तर अजाबात बोलू नगंस," लालासाहेब म्हणाले.  "पोराला कळलं तर काय ऱ्हाईल आपलं? आता नशीब म्हंतोय. मग आपल्या तोंडाकडं बघंल का त्यो? बनू, पाया पडतो तुझ्या. आण न्हाई सोडायचो मी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्नापासून बनुबाईनं ते तीनदा बघितलं नसेल. आणि तिला त्यांची दयासुद्धा आली, कारण माणूस वाईट नव्हता. पोराला वर्दीत बघायचं एवढंच त्यानं मागितलं होतं. पण कोपऱ्यावरून दोन माणसं रिकामी स्ट्रेचरची गाडी ढकलत बयाबाईच्या पोराच्या वॉर्डाकडं निघाली होती, आणि तिच्या चाकांचा आवाज ऐकून बयाबाई भाकरी तशीच टाकून उठली होती.

"नगा सोडू," बनुबाई म्हणाली आणि नवऱ्याला तिथंच ठेवून चालू लागली.

आत जाऊन ती खुर्चीवर बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "बाई, तुमची रेघ चुकली न्हाई. म्या चुकवली. माझ्या पोराला पावसाळ्यापास्नं दुखत हुतं. त्यो तसाच पळत हुता. मोटरसायकलवरनं न्हाई पडला, पळतानाच मोडला. जुनी मोड हुती ती."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी टेबलावरचा फोन उचलला. "ते मेंढरंवाल्यांचं पेशंट... घेऊ नका अजून. सांध्याची तयारी थांबवा. मी येते, स्क्रू काढून ठेवा." फोन ठेवला. राग त्यांच्या कपाळावर दिसत होता, पण आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, बनुबाईला वाटलं. शिव्या घातल्या असत्या तर कुठंतरी फिटलं असतं.

"मी तुम्हाला एकटीला विचारलं होतं, मावशी," त्या म्हणाल्या. "दार लोटून विचारलं होतं."

"काय इचारलं हुतं?"

हा आवाज दारातून आला. शिवतेज काठीवर रेलून उभा होता, काखेत फोटोचं पाकीट. कधी आला होता कोण जाणे. 

"आये, काय इचारलं हुतं तुला?"

बनुबाईनं एकदा डॉक्टरीणबाईंकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली. हे सांगायचं तर आईनंच. आता इथवर आल्यावर आणखी एक खोटं बोलणं अवघड नव्हतं, पण जीभ वळली नाही. तिनं सांगितलं. दुसरं ऑपरेशन होतं, हाड वाचायची आशा होती, आणि बाईंनी विचारलं तेव्हा आपण नाही म्हणालो.

पोराचा चेहरा बदलला नाही. तो पायाकडं बघत होता, त्या पायाकडं. "दादांनी सांगितलं म्हणून?" त्यानं बापाचं विचारलं.

"आण घातली हुती," बनुबाई म्हणाली, आणि म्हणताना तिला स्वतःलाच ते किती पोकळ लागलं!

"माझा पाय हुता त्यो," शिवतेज म्हणाला. मग वळून टक टक करत जिन्याकडं निघून गेला.

गाडीत तो पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. पेठ नाक्यावर गाडी चहाला थांबली तेव्हा कुणीच खाली उतरलं नाही.

आण मोडून लालासाहेबांचं काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. ताप नाही, ठेच नाही, दाढसुद्धा दुखली नाही. बनुबाई आठ-पंधरा दिवस त्यांच्या तोंडाकडं बघत होती, झोपेत श्वास चाललाय का बघत होती. माणूस खणखणीत. हुलग्याच्या माडग्याच्या दोन वाट्या पिऊन रानात जात होता. कुणाचं काही बिघडायचं नव्हतंच त्यात. ज्या भीतीपायी तिनं पोराचं हाड जाऊ दिलं, तिच्यात एवढंसुद्धा रक्त नव्हतं.

शिवतेजनं भांडण केलं नाही. केलं असतं तर मिटवता आलं असतं. तो ताट वाढलं की जेवायचा, बोलावलं की यायचा. कुपवाडच्या एका कारखान्यात बसून करायचं काम मिळतंय, म्हणत होता. बापाशी जेवढ्यास तेवढं बोलायचा. आईशी बोलायचं झालं तर "आये" न म्हणता बोलायचा. "पाणी हाय का?" "उद्या जाणार हाय." दारावर यावं आणि कुणाला तरी विचारून जावं, तसं.

दसऱ्याच्या सुमाराला बनुबाईचा फोन वाजला. बयाबाई होती, दवाखान्यातून नंबर मिळवून. माणदेशी आवाज फोनमध्ये मावत नव्हता, सोप्यात बसलेल्या शिवतेजलासुद्धा ऐकू येत होता. "आक्का, फोटो काढला वं आज! हाडाला रगत आलंय म्हंत्यात डॉक्टरीणबाई. कुबड्या टाकून काठीवर आलाय पोरगा. तुमी आत जाऊन काय बोलला कुणास ठावं, पर त्या दिशी तुमी उठला म्हणून... आक्का, ऐकताय न्हवं? तुमचा पोरगा कसा हाय?"

बनुबाईच्या तोंडात "बरा हाय" आलं होतं. ती थांबली. "न्हाई, बयाबाई," ती म्हणाली. "बरा न्हाई त्यो." आणि फोन ठेवला.

पदर तोंडाला लावून ती तशीच बसून राहिली. सोप्यातून काठी टेकल्याचा आवाज आला. शिवतेज उंबऱ्याशी येऊन थांबला होता, आतल्या खोलीतल्या त्या भिंतीकडं तोंड केलेल्या ट्रंकेकडं बघत.

"जगलं का त्याचं हाड?" त्यानं विचारलं.

"जगलं," बनुबाई म्हणाली.

"बरं झालं," तो म्हणाला.

अजून काही म्हणेल म्हणून ती वाट बघत राहिली. एकदा नुसतं "आये" म्हणाला असता तरी पुरं होतं. पण तो वळला आणि मेलेल्या पायाची काठी टेकत अंगण उतरून रस्त्याला लागला.